सातवर राहिलेलं बटण

गारेगारच्या घरात भांडण पेटलं की शेजारची म्हातारी आधी उसनं दिलेलं पातेलं परत मागायची, कारण त्या घरात पातेल्यांना पंख फुटत. माणूस फ्रिज दुरुस्त करायचा म्हणून वस्तीने त्याचं नाव गारेगार पाडलं होतं. डोकं मात्र बाराही महिने तापलेलं. बायको त्याला सवाई. ती गणवेशांच्या कारखान्यात कापड कापायची, आणि तिच्या हातात कात्री असताना मुकादमसुद्धा चार हात लांबून बोलायचा. दोघांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं असं नाही. पण हात उचलायची खोड दोघांनाही होती, आणि ती वाईटच. गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

त्या मंगळवारी संध्याकाळी कार्डावरून पेटलं. कार्ड म्हणजे पोरांच्या लसीचं. थोरली दीड वर्षाची, धाकटा दीड महिन्याचा, आणि दोघांचीही तारीख एकाच बुधवारी आली होती. म्हणजे उद्या. बायकोने रजासुद्धा टाकली होती.

"उद्या नको. पुढच्या महिन्यात बघू," गारेगार म्हणाला.

"का?"

"एकाच दिवशी दोघांना सुया कशाला? आधी थोरलीला, मग धाकट्याला. जरा अंतर ठेवून."

"डॉक्टरकी कधीपासून शिकलात? आठ दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणालात ना, एका फेरीत उरकून टाकू?"

"तेव्हा म्हणालो. आता नाही म्हणतो."

"शिंप्याचा नातू विसरलात?"

पलीकडच्या गल्लीतला शिंप्याचा नातू गेल्याच आठवड्यात डांग्या खोकल्याने गेला होता. तीन महिन्यांचं पोर. लसीची तारीख आज-उद्या करत राहून गेली होती. खोकून खोकून ओठ निळे पडले आणि श्वास परत आलाच नाही. बायको त्या घरी जाऊन बसून आली होती, आणि तेव्हापासून धाकटा नुसता शिंकला तरी ती उठून त्याचा श्वास बघायची.

"उचलली जीभ लावली टाळ्याला! माझी पोरं आहेत, मी ठरवीन," गारेगार ओरडला. खिळ्याला अडकवलेलं कार्ड त्याने ओढलं आणि टराटरा दोन तुकडे केले.

पातेलं उडालं. ते त्याच्या भुवईवर बसलं, आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्याने आंधळ्यासारखी झडप घालून तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. थोरली किंचाळत कॉटखाली शिरली. बायकोने हात मागे नेऊन चाचपडत कात्री उचलली आणि टोक त्याच्या गळ्यावर टेकवलं. चिडली की ती अहोवरून अरेवर यायची.

"का नको ते खरं सांग. नाहीतर उभा कापीन तुला."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने मान न हलवता तो काढला, दवाखान्यातल्या सिस्टरचं नाव बघितलं आणि कापला. दुपारपासून ही तिसरी खेप. चोराच्या मनात चांदणं. ती कशासाठी फोन करतेय हे आपल्याला ठाऊक आहे, असं त्याने धरूनच टाकलं होतं.

खरं असं होतं. शनिवारी त्याने दवाखान्यातला लसींचा फ्रिज दुरुस्त केला. गॅस भरल्यावर थंडाव्याचं बटण सातवर, म्हणजे शेवटच्या आकड्यावर न्यायचं, अर्धा तास यंत्र पळवून बघायचं आणि मग परत दोनवर आणायचं, ही त्याची रोजची रीत. पण त्या अर्ध्या तासात मेव्हण्याचा फोन आला. बहिणीच्या गालावरचा वळ कसला, यावरून दोघांची जुंपली. गारेगार शिव्या देत दवाखान्याबाहेर पडला आणि बटण सातवरच राहिलं. सोमवारी सकाळी विसरलेला पाना घ्यायला गेला, तेव्हा सिस्टर यायची होती. फ्रिजचं दार उघडलं तर लसीच्या बाटल्या गोठून दगड झालेल्या. ही लस जास्त गार झाली की मेली, मग टोचली काय न टोचली काय, हे सिस्टरने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याने बटण दोनवर आणलं, दार लावलं आणि कुणाला काही न बोलता निघून आला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने स्वतःला समजावलं. सिस्टर त्याला सगळ्यांसमोर 'फ्रिजचा डॉक्टर' म्हणायची. त्याला लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. आपली पोरं मेलेल्या लसीच्या भरवशावर राहू नयेत एवढं त्याला कळत होतं. ते तोंडाने सांगायची मात्र हिंमत नव्हती.

कात्री अजून गळ्यावरच होती, तेवढ्यात शेजारच्या म्हातारीने मेव्हण्याला बोलावून आणलं. मेव्हणा मटणाच्या दुकानात काम करायचा. हाडाचा सांधा कुठे सुटतो हे त्याला बघावं लागत नसे. त्याने बहिणीच्या डोक्यावरचं टेंगूळ चाचपलं, भाच्यांकडे बघितलं, आणि दाजींचा डावा हात हातात घेतला. जणू काही हालहवाल विचारायला आला होता. मग करंगळी उलटी दाबली. कट्ट असा आवाज झाला. गारेगार गुडघ्यांवर आला.

"दाजी, उद्या नऊ वाजता दवाखान्यात," तो शांतपणे म्हणाला. "मी न्यायला येतो. बोटं पण नऊ उरलीत, लक्षात राहील."

गारेगारने तेव्हासुद्धा खरं सांगितलं नाही. आणि तिथेच तो सगळ्यात मोठा गाढव ठरला.

सकाळी करंगळीला वायरींना लावायची काळी चिकटपट्टी गुंडाळून तो आठलाच निघाला. पिशवीत हातोडा होता. फ्रिज फुटला की लस नाही. लस नाही तर आज कुणालाच मेलेली टोचली जाणार नाही, आणि कुणी कारणही विचारणार नाही. वेडा झाला म्हणतील, म्हणू देत. आपण पोरांना वाचवतोय असं त्याला वाटत होतं.

दवाखान्याच्या ओसरीवर वीसेक बायका पोरं घेऊन रांगेत बसल्या होत्या, काहींचे नवरेही सोबत होते. सिस्टर वजनं करत होती. पहारेकऱ्याने त्याला ओळखून आत सोडलं.

पहिल्याच घावात बिजागरी तुटली. दुसऱ्यात दार लोंबकळलं. बाटल्यांचे खण त्याने ओढून जमिनीवर फेकले आणि टाचेखाली चिरडले. काच चपलेतून पायात घुसली तरी तो थांबला नाही. आवाजाने सिस्टर धावत आली आणि त्याच्या दंडाला लोंबकळली. त्याने हिसडा दिला. कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. मग रांगेतले बाप आत शिरले. एका ट्रकवाल्याने त्याला मानगुटीला धरून टेबलावर आपटलं, दुसऱ्याने पोटात लाथा घातल्या. कुणीतरी त्याचाच हातोडा उचलला.

"सोडा त्याला! मरेल तो!" सिस्टर ओरडली. तोंडावर रुमाल दाबून ती त्याच्यापाशी खाली बसली. "का केलंस हे? अरे, का?"

"गोठली होती," तो रक्त थुंकत म्हणाला. "शनिवारी माझ्याकडून बटण सातवर राहिलं. मेलेली लस आहे ती सगळी."

सिस्टरने तोंडावरचा रुमाल काढला.

"ते मला सोमवारीच कळलं. बाटल्या हलवून बघितल्या, तर तळाला गाळ बसत होता. सगळ्या फेकल्या मी. काल पलीकडच्या दवाखान्यात हातापाया पडून बर्फाच्या पेटीतून नव्या आणल्या. बटण एकदा येऊन बघून जा, एवढंच सांगायला तुला तीनदा फोन केला."

"मग या..."

"या चांगल्या होत्या रे. जिल्ह्यात शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या."

दारात बायको उभी होती. धाकटा कडेवर, थोरली हाताला धरलेली, मुठीत चिकटवून जोडलेलं कार्ड. तिने शेवटचं सगळं ऐकलं होतं. मागून मेव्हणा बाह्या सरसावत पुढे झाला. तिने आडवा हात घालून त्याला थांबवलं.

"पुढच्या कधी येतील?" तिने सिस्टरला विचारलं.

"पाच आठवडे तरी धर. जास्तही लागतील."

गारेगारने भिंतीला टेकून मान वर केली. हिने आता मारावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं. कात्रीने, पातेल्याने, कशानेही.

"मार मला," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर रांगेत एक पोर खोकायला लागलं. खोकल्यावर खोकला, मध्ये श्वासाला जागाच नाही, आणि शेवटी घशातून ओढून घेतलेल्या श्वासाचा लांब 'हूप' असा आवाज. ओसरीवरच्या बायांनी आपापली पोरं छातीशी ओढली. बायकोने ओढणीचं टोक धाकट्याच्या तोंडावर टाकलं, थोरलीला उचलून भावाकडे दिलं आणि मागच्या दाराने निघून गेली.