पांढरीतलं स्फुरद

ट्रॉली दारावरून गेली तेव्हा सत्यभामा लेकीला भरवत होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आटलेल्या तळ्यातला गाळ वाहणारे ट्रॅक्टर महिनाभर याच वाटेनं जात होते. पण या मातीला गाळाचा काळा रंग नव्हता. राखाडी, भुसभुशीत, मधूनच पांढरी. ती घास हातात धरूनच उठली.

गावाबाहेरच्या टेकाडाला सगळे पांढरी म्हणत. कधीकाळी तिथं वस्ती होती, एवढंच गावाला ठाऊक. पुण्याच्या कानडे मॅडम खणायला आल्या, त्यांना गावातलीच शिकलेली बाई हवी होती. "ढोराची हाडं धुवायला कावून एवढं शिकलीस, माय?" सासूबाई म्हणाल्या होत्या. तरी ती गेली. वासरांचे दुधाचे दात धुताना लेकीच्या हिरडीवरून बोट फिरवल्यासारखं वाटायचं तिला. इथल्या माणसांनी जनावरं दावणीला पहिल्यांदा कधी बांधली, ते मॅडमना शोधायचं होतं. उत्तर होतं पश्चिमेकडच्या न खणलेल्या थरांत. खाली शिकारीची हाडं, वर गोठा, आणि मध्ये कुठंतरी तो बदल. पुढची परवानगी आणायला पुण्याला जाताना मॅडम म्हणाल्या, "पश्चिमेची बाजू तुझ्यावर सोपवते." तिच्यावर कुणी काही सोपवण्याची ती पहिलीच वेळ.

मग मॅडमचा फोन आला. मातीची तपासणी झाली होती. फॉस्फेट भरपूर, म्हणजे तिथं पिढ्यान्‌पिढ्या जनावरं बांधलेली, शेण-मूत मुरलेलं. तिला राहवलं नाही. जेवताना तिनं नवऱ्याला, गहिनीनाथला सांगितलं. त्याला कळावं म्हणून फॉस्फेटच्या जागी खताच्या पिशवीवरचा शब्द घातला, स्फुरद. त्यानं तिचं काम कधी नव्हे ते इतकं मन लावून ऐकलं. किती खोल, कुठल्या अंगाला, सगळं विचारलं. तिला इतकं बरं वाटलं की तिनं ताटातल्या पिठल्यात बोटानं रेघा ओढून थर दाखवले.

गहिनीनाथ गावच्या सोसायटीचा सचिव होता.

लेकीला कडेवर घेऊन ती पांढरीवर पोचली, तोवर जेसीबीनं पश्चिमेची कड खाऊन टाकली होती. सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव छत्री घेऊन उभे होते.

"या वहिनी. तुमच्यामुळं गावाचं खताचं भागलं बघा. एवढं मुरलेलं शेण ब्रह्मदेवाच्या उकिरड्यातबी घावायचं न्हाई."

माणसं हसली. गहिनीनाथ ट्रॉलीवरून उतरला.

"मला एकदा विचारायचं तरी," ती म्हणाली.

"इचारलं की. जेवताना सगळंच इचारलं. तूच म्हणलीस, लई स्फुरद हाय."

"ती खूण होती. खत नव्हतं."

"यंदा पिशवी घ्यायची ऐपत हाय का कुणाची?"

अर्जुनरावांनी समजूत घातली. सचिवांवर रागावू नका, ठराव मागच्या आठवड्यातच झालाय, एकमतानं. गहिनीनाथनं मान खाली घातली. म्हणजे आठवडाभर तो रोज घरी आला होता, तिच्या हातचं जेवला होता, खोदकाम परत कधी सुरू होणार म्हणून विचारतही होता.

ती ढिगापाशी बसली, हात खुपसून माती चाळू लागली. राख, खापरं, दात, जळकं हाड. शिकार आणि गोठा एकाच ढिगात. एकेक वेचून घरी नेलं असतं तरी कुठलं आधीचं नि कुठलं नंतरचं, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

तिथूनच तिनं मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं, हे लोकांना कळलं कुठून?

गहिनीनाथ समोरच उभा होता, ऐकत.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "घरात बोलले होते."

फोन ठेवल्यावर त्यानं टाकीवरून तांब्या भरून आणला. तिचे हात कोपरापर्यंत राखेनं माखले होते. "धू," तो हळूच म्हणाला, आणि पाण्याची धार धरायला वाकला.

तिनं लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि वाटेला लागली.