कोपऱ्यातलं कडं

"तू टोपावर श्वास सोडतेस," साहेब म्हणाले. "कबूल कर आणि मोकळी हो."

"नाही हो साहेब. टोप ठेवला की मी तोंड फिरवून लांब उभी राहते. लेकीची शपथ."

"मग बाकीची कडी शहाण्यासारखी वागतात आणि हे कोपऱ्यातलंच कसं उधळतं?"

तिचं काम तसं साधं. कुंपण घातलेल्या रानाच्या तुकड्यात ठिकठिकाणी लोखंडी कडी मातीत रुतवलेली होती. कड्यावर झाकणासारखा टोप बसवायचा, की यंत्रावरचा आकडा चढू लागे. पाला कुजताना, मुळं जगताना माती जो वायू सोडते, त्याचा तो आकडा. झाडं हवेतला कार्बन पानांत घेतात, पानं गळून मातीत जातात. त्यातला किती तिथंच मुरतो आणि किती परत हवेत जातो, हे साहेबांना शोधायचं होतं. माणसाच्या उच्छ्वासातही तोच वायू, म्हणून टोपाशी वाकून बघायला बंदी. नवी माणसं हमखास तीच चूक करत. ती नवी नव्हती.

"उद्या मी स्वतः टोप ठेवणार," साहेब यंत्र बंद करत म्हणाले. "आकडा खाली आला, तर परवापासून येऊ नकोस."

साहेब गेल्यावर ती कोपऱ्यात परतली. कुणीतरी आपल्या वाईटावर आहे, हे मनात पक्कं बसलं होतं. जुन्या झाडाच्या बुंध्याशी ते कडं होतं. ती उकिडवी बसली आणि तिच्या लक्षात आलं: कड्यावरचा रंगाचा ठिपका नेहमी झाडाकडे असायचा, तो आता कुंपणाकडे होता. कडं उपटून पुन्हा बसवलं होतं.

मागे पाचोळा वाजला. राखणदारकाका उभे होते. गेले कित्येक दिवस ते याच कोपऱ्यात घुटमळायचे आणि ती दिसली की वाट बदलायचे. तिला वाटायचं, दारूच्या बाटल्या पुरत असतील.

"काका, इथं काय पुरलंय तुम्ही?"

"मी? मी कशाला काय पुरू?"

"मग घाम कशाला फुटलाय? थांबा, मीच उकरते."

"नको!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की दोघंही दचकली. मग ते मटकन खाली बसले. "तुझ्या काकूची उशी आहे. आणि चादर."

ती बघतच राहिली. काकू थंडीत गेल्या, एवढं तिला ठाऊक होतं.

"सून जाळायला निघाली होती. आजाऱ्याचं अंथरूण घरात नको म्हणाली. तिचं तरी काय चुकलं, घरात तान्हं बाळ आहे. पण पोरी, जाळलं असतं तर एका धुरात सगळं संपलं असतं. इथं कुंपण आहे. कुणाचा पाय पडत नाही."

"काका, कापूस कुजतोय खाली. म्हणून आकडा चढतो. आणि बोल मला लागतोय."

"साहेबांना सांगू नकोस. ते उपटून उकिरड्यावर टाकतील."

"आणि माझी नोकरी?"

म्हाताऱ्यानं आपल्याला कात्रीत पकडलंय, असं तिला वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

घरी जाऊबाई लसूण सोलत होत्या. "काय गं, श्वास घेतला म्हणून कामावरून काढतात? आम्हाला तर श्वास घ्यायलासुद्धा फुरसत नसते!" एरवी ती हसली असती. लेक मांडीवर झोपली. तिची इवलीशी उशी सरळ करताना तिचा हात थोडा वेळ तिथंच राहिला.

सकाळी साहेबांनी कड्यावर टोप ठेवला आणि पार कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. तीही लांब होती. आकडा चढतच गेला.

साहेबांचा चेहरा आणखी कडक झाला. "म्हणजे श्वास नाहीच. काय मिसळलंस यात? कुणी सांगितलं तुला?"

ओठांवर आलेलं काकांचं नाव तिनं गिळलं.

"तिनं नाही," मागून आवाज आला. काका फावडं घेऊन आले होते. "मी पुरलंय. माझ्या बायकोचं आहे."

त्यांनी कडं काढून बाजूला ठेवलं. फावड्याचे दोनच घाव घातले आणि पुढची माती हातांनी उकरली. चादरीची लक्तरं झाली होती. उशीचा अभ्रा विरलेला, आतला कापूस तपकिरी पडलेला. साहेबांनी वाकून उशी ओढली. ती हलेना. त्यांनी नीट पाहिलं. झाडाची केसांएवढी बारीक मुळं कापसात शिरली होती, आरपार विणल्यासारखी.

"तुटेल, साहेब," ती म्हणाली. "झाडानं धरलंय."

साहेबांनी उशी सोडली. मग हात झटकत उठले. "कडं पलीकडे रोव," ते तिला म्हणाले. "या जागेचे आकडे आता नकोत." तिची माफी त्यांनी मागितली नाही. यंत्र उचलून ते पुढे गेले.

तिनं कडं उचललं. काका माती लोटत होते, ढेकळं बोटांनी फोडून. खड्डा भरल्यावरही ते उठले नाहीत. तळहातानं माती हलकेच थोपटत राहिले, झोपेत चाळवलेल्याला थोपटावं तसे.