गाडी बघायचा उपास

भिवंडीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मी मोठा देवभोळा माणूस म्हणून ओळखला जातो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, आणि मधूनच पंचांगातही नसलेले वार. मनोज मिस्त्रीचा उपास कधी असेल ते सांगता येत नाही, असं दलाल म्हणतात. खरं सांगायचं तर मी घरी एकही उपास करत नाही. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खातो, ती जेवण झाल्यावर.

माझे उपास गाड्यांचे. शेलारला माझं गॅरेज आहे, आणि जुनी व्हॅन किंवा टेम्पो घ्यायचा झाला की लोक मला सोबत नेतात. मालकाच्या अंगणात उभं राहून त्याच्याच गाडीला नावं ठेवायची, हे आमच्याकडे बसत नाही. आज ज्याची गाडी नापास केली, तो उद्या हळदीत शेजारी जेवायला बसतो. म्हणून मी एक सोय काढली. गाडी बघून झाली की मालक चहा सांगतोच. मी चहा प्यायलो तर गाडी घ्यायची. मी म्हटलं, 'आज माझा उपास हाय,' तर 'घरी विचारून सांगतो' म्हणायचं आणि उठायचं. कुणी म्हणालं की चहा उपासाला चालतो, तर मी सांगतो, माझा निर्जळी आहे. गिऱ्हाइकाला हे सगळं आधी समजावून ठेवतो. अकरा वर्षं ही सोय चालली. कुणाचं मन न दुखवता आपण खरं बोलतो, असा मला तिचा मोठा अभिमान होता.

अमरीनभाभी माझ्याकडे आल्या त्या माझं नाव ऐकून. त्यांचं घर भिवंडीच्या जुन्या वस्तीतलं, कोकणी मुसलमान, आमच्याइतकेच इथले. त्या घरी जेवण बनवून गोडाऊनच्या कामगारांना डबे पुरवायच्या. अंबाडी रोडवरच्या दोन गोडाऊनचं काम त्यांना मिळालं होतं, रोज दीडशे डबे. जेवणाची सुट्टी साडेबाराला, फक्त अर्धा तास. डबा एक वाजता पोचला तर तो पोचलाच नाही. दोन रिक्षांमधून डबे नेऊन त्या मेटाकुटीला आल्या होत्या. त्यांचे यजमान मुदस्सिरभाई वीस वर्षं दुसऱ्याच्या लूमवर कामाला. कापसाच्या धुरळ्याने त्यांना खोकला धरलेला. गाडी आली की त्यांनी लूम सोडायचा आणि गाडी चालवायची, असं दोघांचं ठरलं होतं. लायसन्सही काढून ठेवलं होतं.

"मनोजभाऊ, रंग कसला बी चालंल," भाभी म्हणाल्या. "रस्त्यात उभी रहाता कामा नये, एवढंच बघा."

तीन गाड्या बघितल्या, तीन उपास झाले. तिसऱ्याला तर भाभी हसल्याच. म्हणाल्या, "अशानं तुम्ही वाळून जाल." मग एक दिवस त्यांचा फोन आला. टेमघरला एक पांढरी व्हॅन आहे, एकहाती वापरलेली, मागची सीट काढलेली, डब्यांना अगदी बरोबर. मालकाचं नाव केसरीनाथ.

केसरीनाथकाका माझ्या वडिलांचे मित्र. माझं गॅरेज त्यांच्याच जागेत आहे, इतकी वर्षं कागदाविना, नुसत्या तोंडी बोलीवर. आई गेली तेव्हा मी सहावीत होतो, आणि दोन वर्षं मला दुपारचं जेवण कमळकाकूंनी, म्हणजे केसरीनाथकाकांच्या बायकोने, वाढलं. आणि ती व्हॅन मला आतून-बाहेरून माहीत होती. पावसाळ्यात ती माझ्याच गॅरेजमध्ये आली होती. तिसऱ्या गिअरला बारीक कण्हायची. मी उघडून बघितलं, गिअरबॉक्सचं बेअरिंग खल्लास होत आलं होतं. काकांना म्हणालो, खोलून नवं टाकू. काका म्हणाले, "कशाला रं, इकायचीच हाय. जाडं ऑइल भर, आवाज दबंल." जाड ऑइल मीच भरलं. आवाज दबला.

भाभींना तेव्हाच फोनवर सांगायला हवं होतं की ती गाडी बघूच नका. मी म्हटलं, बघू या. मनात म्हटलं, उपास आहेच.

ठरलेल्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "बघायला येनार हायस तं जेवायलाच ये. जागेचा कागद पन करून टाकू या टायमाला." मी गेलो. काकूंनी बोंबील तळले होते, माझ्या आवडीचे, कुरकुरीत. मी आठ खाल्ले. त्या बसून वाढत होत्या आणि मी किती वाळलोय ते सांगत होत्या.

तीन वाजता भाभी आणि मुदस्सिरभाई आले. मुदस्सिरभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी व्हॅन कल्याण नाक्यापर्यंत नेऊन आणली आणि उतरताना स्टिअरिंगवरून हात फिरवला. मीही बॉनेट उघडलं, खाली वाकलो, टायर दाबले, नेहमीचं सगळं नाटक केलं. गिअरबॉक्स चिडीचूप होता. त्यातलं बिंग फक्त दोघांना माहीत होतं, काकांना आणि मला.

मग काकू चहा घेऊन बाहेर आल्या. पहिला कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "गवती चहा घातलाय रं, बोंबील जड झालं असतील."

आता मी कोणता उपास सांगणार होतो? दोन तासांपूर्वी ज्या बाईच्या हातचे आठ बोंबील खाल्ले, तिच्यासमोर? भाभी माझ्या कपाकडे बघत होत्या. मुदस्सिरभाईसुद्धा. मला तोंड होतं. 'भाभी, जरा बाजूला या,' एवढे चार शब्द त्यातून निघाले असते. फार तर काका रागावले असते. फार तर जागेचा कागद लांबला असता. पण अकरा वर्षांत कुणाच्या तोंडावर खरं बोलायची सवयच मी ठेवली नव्हती. मी चहा प्यायलो. तळाशी साखर राहिली होती, तीही प्यायलो.

"बोलून टाका," भाभी मुदस्सिरभाईंना म्हणाल्या. भाभींचा चेहरा उजळला होता. तो चेहरा मला अजून दिसतो, आणि दिसला की मी मान खाली घालतो.

त्यानंतर रोज बाराच्या सुमाराला ती व्हॅन माझ्या गॅरेजसमोरून अंबाडीकडे जायची. मुदस्सिरभाई दोनदा हॉर्न वाजवायचे, मला सलाम म्हणून. मी हात वर करायचो आणि कान तिसऱ्या गिअरकडे लावायचो. सात आठवडे गेले. आठवा गुरुवार, सव्वाबारा झाले तरी हॉर्न नाही. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मोटरसायकल काढली.

व्हॅन शेलारच्या अलीकडेच उभी होती, रस्त्याला आडवी, गिअर जाम. आत दीडशे डबे, वरणाचा वास सुटलेला. मुदस्सिरभाई बॉनेटपाशी उभे होते आणि भाभी फोनवर कुणाची तरी विनवणी करत होत्या. मी दोन रिक्षा थांबवल्या, डबे चढवले, पण पोचायला दीड वाजला. कामगारांनी वडापाव खाल्ले होते. एका गोडाऊनचं काम त्याच दिवशी गेलं.

संध्याकाळी गॅरेजमध्ये भाभींनी विचारलं, "असं कसं झालं, मनोजभाऊ? तुम्ही तर पास केली व्हती." त्या दोष देत नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या. आणि मी, हात ग्रीसने बरबटलेले, वर न बघता म्हणालो, "क्लचवर पाय ठेवून चालवतात का भाई? अर्ध्या क्लचवर गिअर टाकले की असंच होतं."

चहा प्यायलो ते भिडेपोटी, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं आहे. या वाक्याचं तसं काही समजावता येत नाही. हे मी स्वतःची कातडी वाचवायला बोललो.

मुदस्सिरभाईंनी आपल्या पायाकडे बघितलं. भाभींनीही त्यांच्या पायाकडे बघितलं.

मी नवं बेअरिंग टाकून दिलं, मजुरी घेतली नाही. त्यावर भाभींनी मला घरचं सांदण पाठवलं, केळीच्या पानात बांधून. तुमच्यासारखी माणसं कुठे मिळतात, असा निरोप सोबत. ते सांदण मी शेजारच्या टपरीवाल्याला दिलं. माझ्या घशाखाली ते उतरलं नसतं.

गाडीवर त्यांनी पगारी ड्रायव्हर ठेवला. मुदस्सिरभाई परत लूमवर गेले. खोकलाही परत आला. नवखा पोरगा असता तर शिकवला असता, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आता काय शिकवायचं, असं भाभी कुणाला तरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. नातेवाइकांत कुणी माझ्यावर संशय घेतला, तर त्या भांडायच्या म्हणे. मनोजभाऊ चहा प्यायले व्हते, म्हणायच्या, गाडी चांगलीच व्हती, आमच्या ह्यांनीच तिची वाट लावली.

तीन महिने असे गेले. मधल्या काळात मला लोक गाड्या बघायला बोलवत होते. मी कामं आहेत म्हणून टाळत होतो. काकांनी जागेचा कागद करून दिला. तो मी कपाटात उलटा ठेवला, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

गेल्या शुक्रवारी भाभींचा फोन आला. पगारी ड्रायव्हर सोडून गेला होता. त्यांना व्हॅन विकून, चालवायला सोपी अशी लहान गाडी घ्यायची होती, स्वतःच शिकून चालवायची म्हणत होत्या. "तुम्ही बघून द्या. तुमच्याशिवाय मी गाडी घेनार न्हाय." मी म्हटलं, येतो, आणि त्याच दुपारी गेलो.

शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे मुदस्सिरभाई घरीच होते. नमाज पढून आले होते, खिडकीशी बसून खोकत होते. मला बघून उठले आणि खुर्ची दिली. दारामागे खिळ्याला व्हॅनची किल्ली टांगलेली होती. भाभी दोन-तीन गाड्यांची नावं सांगत आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढे ठेवला.

मी कपाकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "आज माझा उपास हाय."

भाभी हसल्या. "हितं कुठली गाडी बघायला आलाव तुम्ही?"

"खाली उभी हाय ती."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग हसू हळूहळू गेलं. "पन तवा तर तुम्ही..."

"प्यायलो. प्यायला नको होता. गाडी आधीच खराब होती. पावसाळ्यातच मला ठाऊक झालं होतं. आवाज येऊ नये म्हणून जाड ऑइल मीच भरलं होतं." एकदा तोंड उघडलं तसं थांबेना. काका, बोंबील, जागेचा कागद, सगळं सांगितलं. "आणि ते क्लचचं पण खोटं. स्वतःला वाचवायला बोललो."

भाभी मला काहीतरी बोलतील, ओरडतील, निदान रडतील असं वाटलं होतं. मी त्याची तयारी करून आलो होतो. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या मुदस्सिरभाईंकडे बघत होत्या.

मुदस्सिरभाईंनी खोकला दाबला. "म्हंजे क्लच माझा बराबर व्हता?"

"बरोबर होता, भाई. पहिल्यापासून."

त्यांनी मान हलवली. गाडीचं, गेलेल्या गोडाऊनचं, लूमचं काहीच काढलं नाही. भाभी उठल्या, दारामागची किल्ली काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही.

"तीन महिनं," ते म्हणाले, मला नाही, भाभींनाही नाही, "मी रस्त्यानं चालताना पन डाव्या पायाकडं बघत व्हतो."

भाभींनी माझ्यासमोरचा कप उचलला आणि आत नेला. त्या परत बाहेर आल्या नाहीत, आणि थोड्या वेळाने मीच उठलो.