कागद न कापणारी कात्री

मी कात्री बोलतेय. शिंप्याची, दहा इंची, अस्सल लोखंडाची. अंगानं जड आणि स्वभावानं थोडी हट्टी. माझा एकच नियम होता: कापड कापीन, कागद नाही. कागदानं धार जाते.

माझे मालक मास्तर. तेहतीस वर्षं त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. एकदा मालकीणबाईंनी मला घेऊन पिठाच्या पुड्याचं तोंड कापलं, तर मास्तर दोन दिवस बोलले नाहीत. "सवत बरी, पण ही कात्री नको," असं त्या शेजारणीला सांगत होत्या.

पुढे मास्तरांची बोटं सुजू लागली. सकाळी मूठ मिटत नसे. कुणाला सांगितलं नाही, पण मला कळायचं. पूर्वी मी एका दमात सरळ जायचे, आता वाटेत तीनदा थांबायचे. शेवटी एका कोटाचं कापड वाकडं गेलं. मास्तरांनी ते टेबलाखाली दडवलं आणि लेकीनं ते शोधून काढलं. तीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

परत आल्यावर ती आईला म्हणाली, "संधिवात आहे. वयाचा नाही, शरीरच आपल्या सांध्यांशी भांडतंय. मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील. ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज चुकूनही नाही. आणि मधूनमधून रक्त तपासायचं."

"सोमवारी घेईन," मास्तर म्हणाले. "दुकान बंद असतं, लक्षात राहील."

माझ्या कड्यांना त्यांनी मऊ कापडाची पट्टी गुंडाळली. सकाळी कोमट पाण्यात हात धरून बसायचे, मग हळूहळू मुठी मिटायचे. तीन महिन्यांनी मी पुन्हा सरळ धावू लागले.

मग शाळेचे गणवेश आले. एकशे चाळीस. सोमवारीही दुकान उघडं राहू लागलं. असे पाच आठवडे गेले आणि एका सकाळी मी त्यांच्या हातातून निसटून फरशीवर पडले.

लेकीनं मला उचललं. "बाबा, गोळी घेताय ना?"

"सुट्टीच्या दिवशी घेतो की."

"मग सुट्टी कधी झाली?"

मास्तर बोटांवर मोजायला गेले. बोटं मिटेनात.

"तुम्ही दुकानाला सुट्टी दिली नाहीत," मालकीणबाई म्हणाल्या, "दुखण्यानं तरी का घ्यावी?"

"मग राहिलेल्या पाच आज एकदम घेतो."

लेकीनं गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं. "याची भरपाई नसते, बाबा. आधी डॉक्टरांना विचारू."

त्या दिवशी मास्तरांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि पेटी उघडली. "झालं आता आमचं कापणं," एवढंच म्हणाले.

"ती का पेटीत जाईल?" लेक म्हणाली. "जाड कापड मी कापीन, पातळ तुम्ही. खडूच्या खुणा तुमच्याच."

मास्तरांनी फडकं सोडलं. मग मला तिच्या हातात ठेवलं. "टोकावर जोर देऊ नकोस," म्हणाले. "तिला आवडत नाही."

डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू झाली. बोटं पहिल्यासारखी झाली नाहीत, पण कामापुरती झाली. सकाळी दहापर्यंत मास्तर मला हात लावत नाहीत. मग अस्तरं, सदरे, झबली आम्ही दोघं मिळून कापतो. कोट लेकीचे.

आता सोमवार दुकानावर अवलंबून नाही. दुकान उघडं असो वा बंद, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडूचा गोल असतो. पाकिटातली गोळी अंगठ्यानं दाबून निघत नाही, म्हणून मास्तर मला घेतात आणि पाकिटाचा कोपरा कापतात.

"तुझा नियम मोडतोय गं," ते हळूच म्हणतात.

मोडू दे. धार गेली तर पुन्हा लावता येते. बाकीचे दिवस मला कुठंही ठेवा, पण सोमवारी त्यांच्या हाताशी ठेवा.