सेरवाआजीच्या नावाची पोती

मी बोलतोय तो एका लोखंडी कपाटातून. हातात मावणारं मोजणीयंत्र मी. मला धरून शेताच्या कडेने चाललं की दर काही क्षणांनी माझ्यात एक ठिपका उमटतो, आणि जिथून निघालो तिथे परत आलो की त्या शेताची हद्द माझ्या पोटात बंद होते.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. शुद्ध आली ती घानाच्या पश्चिमेकडच्या कोकोच्या गावात, ओफोरिवाच्या हातात. सव्वीस वर्षांची पोर. ही नोकरी तिला मामाने लावून दिली होती. पेपरामामा गावचा खरेदी कारकून. शेतकऱ्यांकडून सुकवलेल्या कोकोच्या बिया घेऊन तो कंपनीकडे पाठवायचा. आमच्याकडे भाचरांचं शिक्षण मामाने बघायचं असतं, बापाने नव्हे. ओफोरिवाच्या शाळेचा सगळा खर्च त्यानेच केला होता.

समुद्रापलीकडच्या चॉकलेटवाल्यांनी नवा नियम काढला होता. ज्या शेताची हद्द माझ्यात आहे, त्याच शेताचा माल घ्यायचा. राखीव जंगल तोडून लावलेल्या कोकोला हद्द मिळायची नाही. मला नियम आवडला होता. आपण काहीतरी वाचवतोय असं वाटायचं.

सेरवा न्कुआ या आजीचं शेत जंगलाला अगदी लागून. ओफोरिवा म्हणाली, "आजी, तुम्ही बसा सावलीत. मी येते फिरून."

"बसू कशाला? शेजाऱ्याची झाडं माझ्यात घालशील आणि मला चोर ठरवशील."

गुडघे दुखत असतानाही ती पूर्ण फेरी चालली. मध्ये मध्ये थांबायची, झाडाला हात लावून दम घ्यायची. तिथे तिथे माझे ठिपके दाट झाले. जंगलाच्या कोपऱ्यावर तिने ओफोरिवाचं कोपर धरलं.

"बास. पुढचं माझं नाही."

"आजी, कोण बघतंय इथे?"

"हे बघतंय ना," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. तोवर मला कोणी बघणारा समजलं नव्हतं.

त्याच वर्षी, हंगाम सुरू व्हायच्या आधी, सेरवाआजी वारली. गावाने लाल-काळी वस्त्रं नेसून तिला पोचवलं. तिची मुलगी पोकुआ कुमासी शहरातून आली, रडली, "पुढच्या वर्षी येऊन शेत बघते" म्हणून परत गेली.

आणि मग पोती येऊ लागली.

"सेरवा न्कुआ, आठ पोती." पुढच्या आठवड्यात अकरा. माल आला की नावाची हद्द माझ्यात उघडायची, अशी पद्धत होती. दर वेळी ती उघडली की मला ते दाट ठिपके दिसायचे. म्हातारी माझ्या आत पुन्हा चालू लागायची, थांबायची, दम घ्यायची. ती मातीखाली होती आणि मी तिला दर आठवड्याला फेरी घालायला लावत होतो.

एका दुपारी ओफोरिवा मला घेऊन त्या शेतात गेली. कमरेएवढं गवत. झाडांवरची फळं काळी पडून तिथेच कुजलेली. एकालाही हात लागलेला नव्हता. फक्त कोपऱ्यातून एक पायवाट आरपार गेली होती, येण्याजाण्याने गुळगुळीत झालेली. ओफोरिवा त्या वाटेने पुढे गेली. पलीकडे मोठाली झाडं आडवी पडली होती आणि त्यांच्या मधून कोकोच्या रांगा उभ्या होत्या, दोन्ही बाजूंनी, नजर पोचेल तिथपर्यंत. पक्ष्याचा आवाज नव्हता. मी पडद्यावर दाखवत राहिलो: तुम्ही हद्दीबाहेर आहात. ती बघत राहिली.

पेपरामामा कंदाच्या फुफूचे गोळे रश्शात बुडवून जेवत होता. "मामा, सेरवाआजी मेली आहे," ती म्हणाली.

"मग? तिचं शेत मेलं का?"

"शेतात कोणी गेलेलंच नाही. हा माल जंगलातला आहे."

"आणि जंगलात लावणारे कोण? परके? तुझ्या आईचे चुलतभाऊच ना? त्यांनी काय माती खायची?" त्याने बोटं चाटली आणि हळू आवाजात म्हणाला, "तुझी फी भरताना मी विचारलं होतं का, या पुस्तकांचा कागद कुठल्या झाडाचा?"

 सगळा हंगाम ओफोरिवा आजीच्या नावाची पोती नोंदवत राहिली. तिच्या तळहाताचा घाम मला कळायचा.

हंगाम संपता संपता राजधानीतून तपासनीस बाई आल्या. प्रत्येक शेतकऱ्याला नावाने पुढे बोलावणार होत्या. मामाने शेजारच्या मानूला सेरवाआजी व्हायला तयार केलं. मानू सकाळपासून रंगात होती. "आज मी बागायतदारीण! आजी म्हणा मला, नाहीतर माल देणार नाही!" सगळे हसत होते.

गोदामाच्या ओसरीवर बाईंनी नाव घेतलं, "सेरवा न्कुआ?"

मानूचं हसू विझलं.

"सेरवा न्कुआ आल्यात का?"

"ओ दे की गं," मामाने तिला कोपराने ढोसलं.

मानू एक पाऊल मागे सरली. ती पुटपुटली, "मेलेलीच्या नावाला मी ओ देणार नाही. ती मला न्यायला येईल."  दोघी-तिघींनी मागे वळून पाहिलं, जणू खरंच कोणी येऊन उभं राहिलंय. मीही तसंच बघितलं असतं, मला मान असती तर.

ओफोरिवा पुढे झाली. "ती येणार नाही. तिला जाऊन पाच महिने झाले. पोती जंगलातली आहेत. मला माहीत होतं."

मामाने तिच्याकडे नुसतं पाहिलं.  तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

मामाची नोकरी गेली, ओफोरिवाचीही. कंपनीने सगळ्या गावाची खरेदी थांबवली, ज्यांचा काही दोष नव्हता त्यांचीसुद्धा. जंगलातला माल, काहीच न विचारणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या ट्रकमधून रवाना झाला. ओफोरिवाच्या आईने तिच्याशी बोलणं सोडलं. मला जमा करताना ओफोरिवाने आपल्या वस्त्राच्या टोकाने माझा पडदा पुसला आणि कागदावर सही केली. ती कुठे गेली मला माहीत नाही.

मी पुरावा म्हणून शहरातल्या कचेरीत कुलपात आहे. सेरवाआजीच्या नावापुढे लाल खूण पडली आहे.

आज तीन दिवस पोकुआ बाहेरच्या बाकावर येऊन बसते, कपाटाच्या फटीतून मला दिसते. तिने कुमासीतली नोकरी सोडलीय, शेतातलं गवत काढलंय, कुजलेली फळं उतरवलीत. तिला हद्द आपल्या नावावर हवी आहे. कचेरीतले साहेब म्हणतात, "ते शेत संशयित आहे."

"संशय कोणावर, साहेब? माझ्या आईवर?"

"नावावर."

"नाव आईचं. चोरी दुसऱ्याची."

"उद्या या."

माझ्या पोटात तिच्या आईचा खरेपणा ठिपक्या-ठिपक्याने लिहिलेला आहे, पण मला आपणहून उघडता येत नाही. पुढच्या आठवड्यात नवी यंत्रं येणार आहेत आणि जुन्यांमधलं सगळं पुसणार आहेत, असं मी इथे ऐकलं. तुमच्यापैकी कोणाचा हात या कुलपापर्यंत पोचत असेल तर लवकर करा. साहेब जेवायला निघालेत. बाकावरची ती बाई पिशवी उचलून उठतेय. तिला कोणीतरी थांबवा.