शिराळ्याची साळूबाई

"आता या बाईंचं ऐका," एल्विनसाहेब म्हणाले आणि दाराशी उभ्या असलेल्या गुंडा शिपायानं आत पाहिलं.

गुंडा सांगलीच्या त्या कॉलेजातला शिपाई. नऊ वर्षांत त्याची घंटा एकदाही चुकली नव्हती. एकेचाळीस सालच्या त्या दुपारी सभागृह पोरांनी भरलं होतं. विलायतेहून आलेले एल्विनसाहेब गावाबाहेर महारोग्यांचा आश्रम चालवायचे. अडखळत्या मराठीत ते पोरांना विनवत होते, "ख्रिस्ती व्हा, असे मी म्हणत नाही. रविवारी दोन तास या. जखमा धुवायला हात कमी आहेत."

पोरं खाली मान घालून बसली. तेव्हा साहेबांनी मागं पदर ओढून बसलेल्या बाईला पुढं बोलावलं. तिनं पदर सारला. डाव्या हाताची दोन बोटं झडलेली.

साळूबाई. गुंडाची बायको. अकरा वर्षांपूर्वी ती पटकीनं गेली, असं त्यानं शिराळ्यात सांगितलं होतं. तेराव्याला सारी भावकी जेवून गेली होती.

"मालकांनी मला आश्रमाच्या फाटकापाशी बसवलं," ती सांगू लागली. "पानी आनतो म्हनलं. दिस बुडंपातूर मी वाट बघितली. आता माजा रोग थांबलाय. दुसऱ्यांच्या जखमा बांधते."

एका पोरानं विचारलं, "त्यांचा राग नाही येत?"

"त्ये भ्यालं हुतं. तुमीबी भ्यालाय. भ्या, पन या."

हळूहळू पाच हात वर गेले. गुंडाला पळून जावंसं वाटलं, पण सभा सुटेपर्यंत शिपायाला दार सोडता येत नव्हतं.

सभा सुटली. साहेबांच्या मागोमाग ती दाराशी आली.

"साळू," त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

ती थबकली. तिनं त्याच्या डोक्याकडं पाहिलं.

"केस लय पिकलं तुमचं," ती म्हणाली आणि टांग्याकडं चालू लागली.

मागून प्रिन्सिपॉल आले. "कोण रे ती? ओळखीची आहे?"

बायको पटकीनं गेली, हे उत्तर अकरा वर्षं पाठ होतं. ते जिभेवर आलंच नाही.

"माजी बायकू हाय, साहेब. मीच सोडली तिला तितं."

पायरीवरची पोरं ऐकत होती. मग त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून एकेक करून मागं सरली. त्यांतल्या दोघांनी मघाशी हात वर केला होता.