तिसावी

मॅरिबेल ऑर्नेलासला आपला नंबर ठाऊक होता: तिसरा. बारावीत पोरं तीस, म्हणजे पहिल्या दहा टक्क्यांत ती अगदी उंबरठ्यावर बसत होती. टेक्सासमध्ये हा उंबरठा म्हणजे खायचं काम नाही. त्याच्या आत असलं की सरकारी विद्यापीठाचं दार आपोआप उघडतं, प्रवेश परीक्षेतले गुण कुणी विचारत नाही. आणि मॅरिबेलचे ते गुण बेताचेच होते. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. बाप तेलविहिरीवरून येताना खिशात शिंपल्यांचे ठसे असलेले दगड आणायचा. एवढ्या उजाड माळाखाली एकेकाळी समुद्र होता, या विचाराने ती लहानपणापासून वेडी झाली होती.

सोमवारी सल्लागार बाईंनी, मिसेस हॅव्हर्टींनी, तिला बोलावलं.

"अगं, जोलीन चालली. ओक्लाहोमाला, मामाकडे. घोड्यांच्या शर्यतीसाठी."

"जाऊ दे की. ती तर शेवटची आहे. माझ्या नंबराचा काय संबंध?"

"तुझा नंबर तिसराच राहील गं. पण वर्ग एकोणतिसांचा होईल. नंबर म्हणजे तुझ्यापुढे किती, आणि पर्सेंटाइल म्हणजे तुझ्यामागे किती. तिसांत तुझ्यामागे सत्तावीस, म्हणजे बरोबर नव्वद टक्के. एकोणतिसांत सव्वीस. गेले नव्वद. एकोणतिसांचे दहा टक्के म्हणजे तीनही पुरे होत नाहीत, आणि आपली शाळा अर्धंमुर्धं माणूस मोजत नाही." बाईंनी चष्मा काढला. "शुक्रवारी पटावर जितकी नावं, तितका वर्ग. मला काही करता येत नाही, पोरी."

मॅरिबेल बाहेर आली. तीन वर्षं ती पुढच्या दोघांच्या पाठीकडे बघत धावली होती. मागे वळून बघायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. हुशार माणसांचं असंच असतं.

जोलीन स्टकी शाळेमागच्या तबेल्यात घोडीला खरारा करत होती. तीन पिंपांना वळसे घालून घोडा पळवण्यात तिचा हात धरणारी तालुक्यात कुणी नव्हती. वर्गात मात्र सगळा उलटा कारभार.

"या, हुशारबाई! आज शेणात कशा?"

मॅरिबेलने मान खाली घालून सगळं सांगितलं आणि शुक्रवारपर्यंत नाव ठेवशील का, असं विचारलं. मागणं तिच्या रक्तातच नव्हतं, त्यामुळे ते फार वाईट मागितलं गेलं.

जोलीन खो खो हसली. "म्हणजे मी नसले की तू खाली पडतेस? ऐकलंस का गं बिस्किट?" तिने घोडीच्या मानेवर थाप मारली. "मॅरिबेल, बुधवारी नाव काढून कागद न्यायचेत मला. शनिवारी शर्यत आहे. घोडीला नव्या जागी दोन दिवस उभं राहू दिलं नाही तर ती बुजते. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग झालं तर."

बुधवारी जोलीन वर्गात दिसली नाही. गुरुवारीही नाही. तिचं रिकामं बाक बघून मॅरिबेलला आधी राग आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. कुणाच्या जिवावर आपण उड्या मारत होतो, तेही नाव न घेता!

शुक्रवारी दुसऱ्या तासाला हजेरी सुरू झाली. खिडकीबाहेर घोडी वाहून न्यायची मोटारगाडी करकचून थांबली. बूट आपटत जोलीन आत आली आणि मागच्या बाकावर धपकन बसली.

"स्टकी?"

"आहे की! दोन दिवस सामान बांधत होते, अजून नाव कुठे काढलंय? शेवटची जागा अशी सहज सोडतात होय!"

वर्ग हसला. मॅरिबेलला हसू आलं नाही. ती वळली आणि पहिल्यांदा सगळा वर्ग बघितला. डुलक्या घेणारा ट्रॅव्हिस, नखं कुरतडणारी अल्मा, तिच्या मागच्या नंबरांचे सत्तावीस चेहरे. एकेका चेहऱ्यावर आपण उभे आहोत, हे तिला दिसलं. माळाखालचा समुद्रही तिला कधी एवढा मोठा वाटला नव्हता.

हॅव्हर्टीबाईंनी मोजणीवर सही केली. मधल्या सुट्टीत जोलीनने आपलं नाव काढलं, कागद काखोटीला मारले आणि गाडी सुरू केली. मॅरिबेल धावत गेली आणि रडत गाडीचं दार धरून उभी राहिली.

"रडू नकोस गं. दगड फोडायला जातेयस ना? मग फोड नीट," जोलीन म्हणाली, आणि धुरळा उडवत निघून गेली.

रविवारी तिचा निरोप आला. बिस्किट बुजली. दोन पिंपं पाडली. "इथेही शेवटचीच! सवय झालीय."

विद्यापीठाच्या अर्जात एक ओळ होती: वर्गातला क्रमांक, कितींपैकी. मॅरिबेलने आधी खाली तीस लिहिले, मग त्याच्या वर तीन.